चुनखाऊ

खंदकाच्या तळाशी मंजिरी उरकुडे गुडघ्यांवर बसली होती. तिनं पाण्याची बारीक धार सोडली, करडा गाळ ओघळून गेला आणि दगडाच्या पोटातून अंड्याची पाठ वर आली. लहान नारळाएवढं गोल अंडं. एका बाजूचं कवच कधीकाळी आत दबलं होतं, तिथून हाडं दिसत होती. तांदळाच्या दाण्यांसारखे मणके एकामागे एक, त्यांच्याजवळ दुमडलेली मांडी, आणि छातीत खुपसून ठेवलेलं डोकं.

"पिल्लू हाय हे," काठावरून तिचा भाऊ दिवाकर म्हणाला.

"हो दादा. बाहेर यायचंच राहून गेलं त्याचं."

दिवाकर चपला काठावर काढून खाली उतरला. शेत त्याचंच होतं. लहानपणी ही दोघं भावंडं इथलेच गोल गोटे गोळा करून त्यांची चूल मांडायची. ते गोटे म्हणजे डायनोसॉरची अंडी, हे पांढरझरी गावाला फार उशिरा कळलं. दिवाकर बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि मग त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा असता तर नाचला असता," तो म्हणाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात, पांढरझरीच्या शिवारात, काळ्या मातीखाली चुनखडीचा जाड थर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ तळी होती. तळ्यांच्या काठच्या ओलसर वाळूत प्रचंड, लांब मानेच्या डायनोसॉरच्या माद्या खड्डे करून अंडी घालत. पाण्यातला चुना हळूहळू त्या वाळूत मुरला आणि घरटी होती तशी दगडात बंद झाली. मग ज्वालामुखींचा लाव्हा आला आणि त्यानं सगळ्यावर झाकण घातलं. पुढं पावसानं ते झाकण जागोजागी झिजवलं. पांढरझरी अशाच एका झिजलेल्या जागेवर वसलं होतं.

पण चुनखडी म्हणजे सिमेंट. एका कंपनीनं अख्ख्या शिवाराचा खाणपट्टा मिळवला होता. कोर्टात लढून गावानं एवढंच पदरात पाडून घेतलं होतं की आधी जीवाश्म बाहेर निघतील, मग सुरुंग लागतील. छिन्नी आणि सुयांनी एक घरटं मोकळं करायला वर्षं जातात. शिवारात घरटी होती शेकड्यानं.

मंजिरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. नागपूरच्या ज्या संशोधन संस्थेत ती काम करत होती, तिथे तिनं छिन्नीऐवजी जंतू कामाला लावला. खडकांमध्ये मुळातच असे जिवाणू असतात, जे आम्ल सोडून दगड विरघळवतात. त्यांतल्या एकाची जनुकं बदलून तिनं तो इतका वेगवान केला की हातभर जाडीचा दगड महिन्याभरात चिखल होऊन वाहून जाई. हाडं फॉस्फेटची, त्यांना त्याचं आम्ल बाधत नव्हतं. अंड्याचं कवच मात्र चुन्याचंच. म्हणून मंजिरीनं त्याला मँगॅनीजचं व्यसन लावलं. भोवतीच्या दगडात मँगॅनीज असे, कवचात जवळजवळ नसे. कवचाशी पोचला की जंतू सुस्तावून पडे. शिवाय त्याला एक अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नव्हतं, ते बाटलीतून द्यावं लागे. बाटली बंद झाली की तो मरे. नाव तिनं लांबलचक लॅटिन दिलं होतं. गावातल्या पोरांनी त्याचं चुनखाऊ केलं आणि पुढं संस्थेतही तेच रुळलं.

अंड्यातल्या पिल्लाचं छायाचित्र जगभर गेलं. दिल्लीहून माणसं आली. खाणपट्टा रद्द करून पांढरझरीला राष्ट्रीय भूवारसा जाहीर करायचं जवळपास ठरलं. दिवाकरची बायको शेवंता, मंजिरीची वहिनी, रोज पाहुण्यांना चहा करून थकत होती आणि तरी हसत होती.

"मंजूबाई," ती एकदा म्हणाली, "लग्न होऊन आली तवापासून ऐकते, गाव उठणार, गाव उठणार. आता पयल्यांदा नवीन खोली बांधाव असं वाटते मले."

तिनं खोलीचा पाया खणून घेतलाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी दिवाकरचा फोन आला.

"मंजे, गंमत सांगतो तुले. आपल्या वावरातल्या विहिरीचं पाणी सोड्यासारखं झालं. बुडबुडे येतेत. पोट्टे बाटल्या भरून नेऊन राहिले."

मंजिरी त्या वेळी डबा उघडून बसली होती. तिनं तो बंद केला.

"दादा, तू प्यायलास का?"

"चव पायली जराशी. आंबट लागते."

"आता कोणाला पिऊ देऊ नको. मी येते."

दुपारपर्यंत ती विहिरीवर पोचली. मोठी, जुनी, दगडी बांधाची विहीर, आत उतरायला अर्ध्यापर्यंत पायऱ्या. दोरीनं बाटली सोडून तिनं पाणी काढलं. बाटली हातात असतानाच काचेच्या आतून बुडबुडे वर चढत होते. आम्लानं चुनखडी विरघळली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. सूक्ष्मदर्शक गाडीतच होता. खंदकात जे जंतू बाटलीवर जगायचे, ते बाटलीपासून एवढ्या लांब, विहिरीच्या पाण्यात, थव्यानं होते.

ते कसे जगले हे तिला त्याच आठवड्यात समजलं. त्यांना जे अमिनो आम्ल लागत होतं, ते मातीतले दुसरे साधे जंतू स्वतःपुरतं बनवत होते आणि थोडं बाहेर टाकत होते. चुनखाऊ त्यांच्या उष्ट्यावर जगायला शिकला होता. प्रयोगशाळेत तो एकटा वाढवला होता. तिथे उष्टं टाकणारं शेजारी कोणी नव्हतं.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर हर्षद ओगले यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पांढरझरीसाठी कोर्टात साक्ष द्यायला स्वतःच्या आजारपणात उभे राहिले होते.

"घोषणा पुढच्या आठवड्यात आहे," ते म्हणाले. "आज आपण जागा दूषित झाली असं म्हटलं, तर कंपनीचे वकील उद्या कोर्टात असतील. वारसा संपला. सुरुंग सुरू. मंजिरी, तुझं गाव आहे ते."

"पण सर, पाणी..."

"पाणी बंद कर ना. विहीर वापरू नका म्हण. घोषणा झाली की त्याच दिवशी मी स्वतः जाहीर करतो आणि मग उपाय करू. इतके दिवस थांबलो, थोडं आणखी."

तिला ते पटलं. नंतर तिनं स्वतःला बरीच कारणं दिली, पण त्या क्षणी ते तिला मनापासून पटलं होतं. शेवंतावहिनीच्या खोलीचा पाया तिच्या डोळ्यांसमोर होता.

तिनं दिवाकरला बाजूला घेतलं. "दादा, विहिरीवर फळ्या टाक. पाणी कोणी काढायचं नाही. जंतू बाहेर आला आहे. पण हे इतक्यात कोणाला सांगू नको. घोषणा होऊ दे."

"मोटर जळली म्हणून सांगतो," दिवाकर म्हणाला. "मंजे, नीट होईल ना पन हे?"

"होईल."

हवेबद्दल ती काही बोलली नाही. पाणी बंद म्हणजे विहीर बंद, असं तिच्या मनात होतं. पायऱ्या उतरून कोणी आत जाईल, हा विचार तिला शिवला नाही.

शेजारच्या वावरातला नामदेव कुळमेथे दिवाकरचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या हरभऱ्याला त्याच विहिरीचं पाणी जाई. मोटर जळली असं ऐकल्यावर तो दिवाकरला म्हणाला, "मी पाहतो ना, मले येते." दिवाकर म्हणाला, राहू दे, मेकॅनिक येणार आहे. नामदेव हसला. मेकॅनिक कशाला, म्हणाला. हरभरा सुकत होता. भर सकाळी, सगळीकडे लख्ख ऊन असताना, त्यानं फळ्या बाजूला केल्या आणि पाना घेऊन पायऱ्या उतरला.

त्या दिवसांत वारा पडलेला होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. त्याला रंग नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. विहिरीत पाण्याच्या वर तो दुसऱ्या पाण्यासारखा साठला होता. शेवटच्या पायरीवर नामदेवनं मोटरकडे हात केला आणि तो बसला. काठावरून पाहणाऱ्या एका बाईला वाटलं, दम खायला बसला. मग तो कलंडला.

त्या बाईनं आरडाओरडा केला. दिवाकर घरून पळत आला. लोक म्हणत होते, थांब, दोर आणू. तो थांबला नाही. का थांबला नाही, हे गावात फक्त दोघींना माहीत होतं. मोटर जळल्याचं खोटं त्यानं सांगितलं होतं. तो नामदेवचं नाव घेत पायऱ्या उतरला आणि त्याच्याजवळ पोचून त्याच्या बगलेत हात घातला. तेवढंच.

तिसरा माणूस उतरणार होता, त्याला शेवंतानं अडवलं. गॅसबद्दल काही एक माहीत नसताना तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडली नाही.

घोषणा झाली नाही. मंजिरीनं दोन्ही तिरड्या उठण्याआधीच जिल्हाधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ओगलेंचं नाव तिनं घेतलं नाही, पण त्यांनी ते स्वतः दिलं आणि राजीनामाही. त्यानं काही बदललं नाही. गॅस मोजणारी यंत्रं घेऊन पथक आलं आणि गावातल्या प्रत्येक विहिरीच्या तळाशी तेच निघालं. बोअरच्या पाइपांतून फुत्कार येत होते. शाळेची फरशी एका कोपऱ्यात खचली. खालचा दगड स्पंजासारखा झाला होता.

कंपनीनं पट्टा परत केला. पोकळ, चिखल झालेल्या दगडाचं सिमेंट होत नाही. ज्या सुरुंगांच्या भीतीनं गावानं इतकी वर्षं काढली होती, ते कधीच लागणार नव्हते.

मंजिरीनं शिवारात जागोजागी छिद्रं पाडून कॅमेरे सोडले. जमिनीखालचं टिपणाऱ्या यंत्रानं पूर्वी जिथे घरटी दाखवली होती, तिथे आता गोल पोकळ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वाढताना जंतूचं मँगॅनीजचं व्यसनही सुटलं होतं. त्यानं कवचं खाल्ली होती. जिथे पिल्लं होती, तिथे इवलीशी हाडं गाळात विखरून पडली होती, कुठली कोणाची ते कळायला मार्ग नव्हता. ती पडद्यासमोर बसून एकेक छिद्र पाहत गेली. शेजारी बसलेली मुलगी, तिचीच विद्यार्थिनी, मध्येच उठून बाहेर जाऊन रडली. मंजिरीला रडू आलं नाही. तिनं पुढचं छिद्र लावलं.

गाव उठलं. लोकांना वरोऱ्यात मंगल कार्यालयांच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. दिवाकरची तेरवी तिथेच झाली. लग्नाच्या झालरी अजून भिंतीवर होत्या. पंगत उठल्यावर मंजिरी शेवंताजवळ जाऊन बसली. तिनं ठरवलं होतं की कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगायचं.

"वहिनी, दादाला मी सांगितलं होतं..."

"मले मालूम हाय," शेवंता म्हणाली. ती भांडी पुसत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. "मले रात्री सांगितलं होतं त्यायनं. मंजीनं कोणाले सांगू नको म्हटलं, म्हणे. मी म्हटलं, निदान नामदेवभाऊले तरी सांगा, त्याचं वावर लागूनच हाय. तर म्हणे, नाई, मंजीचा शब्द हाय."

मंजिरीनं पुसायला एक ओलं पातेलं उचललं. शेवंतानं ते तिच्या हातून काढून घेतलं.

"तुह्या शब्दाबाहेर कधी गेला नाई तो," शेवंता म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदाच तिनं मंजिरीला तू म्हटलं होतं. "तू शिकली, मोठी झाली, तू जे बोलली ते त्याच्यासाठी देवाचं. तू विहिरीत जाऊ नको म्हटलं असतं ना, तर तो काठावर उभा राहून नामदेवभाऊले मरताना पाहत राहिला असता. पन जगला असता. तू ते म्हटलंच नाई."

"माझ्या लक्षात नाही आलं, वहिनी."

"हो," शेवंता म्हणाली. "मालूम हाय मले."

तिनं पुसलेलं पातेलं उपडं ठेवलं आणि दुसरं घेतलं. नामदेवची बायको हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून निजली होती. मंजिरी उठून तिच्याकडे गेली, तिच्या पाठीशी थोडा वेळ बसली. बाईनं कूस बदलली नाही.

पुढचं वर्ष मंजिरीनं चुनखाऊला मारायच्या प्रयत्नात घालवलं. जंतूंना मारणारे विषाणू असतात. तसा एक तिनं शोधला, वाढवला. काचेच्या नळीत त्यानं चुनखाऊचा पार फडशा पाडला. खडकात मात्र केसाहून बारीक भेगा असतात. चुनखाऊ त्या भेगा स्वतःच करत पुढे जात होता, विषाणूला पाण्याबरोबर मागून जावं लागे आणि तो अर्ध्या वाटेतच संपे. तिनं जास्त सोडला, अजून जास्त सोडला. मग परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं आणि तेच कळवलं. थांबवता येत नव्हता. चुना जिथवर होता तिथवर तो जाणार होता. सलग चुनखडीतून सावकाश, आणि ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, टँकरच्या पाण्यातून भराभर.

आता प्रत्येक पुढच्या गावाला आधी जाऊन सांगायचं काम उरलं होतं. प्रशासनाचे लोक सांगायला गेले तर गावकरी ऐकून घेत आणि घरी जात. पाणी अजून गोड होतं, हरभरा उभा होता. साहेब लोक जमिनी घ्यायलाच येतात, असं इथे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं. एका गावात विहिरींना लावलेल्या जाळ्या काढून लोकांनी त्या कोंबड्यांच्या खुराड्यांना लावल्या. त्याच गावात पुढं एक बाई आणि तिचा दीर गेले.

त्यानंतर शेवंता स्वतः मंजिरीच्या ऑफिसात आली. नागपूरला एकटी, एसटीनं.

"पुढच्या गावाले कधी जाते?" तिनं विचारलं.

"परवा."

"मी येते."

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेवंतानं ते पाहिलं आणि हात वर केला.

"तुह्यासाठी येत नाई मी. ते लोकं तुमचं आयकत नाईत म्हणून येते."

आमडबोडी या पुढच्या गावाला दोघी दुपारी पोचल्या तेव्हा समाजमंदिरात बरीच माणसं जमली होती. मंजिरीनं चुनखडी, जंतू, गॅस, सगळं सोपं करून सांगितलं. तिला आता ते पाठ झालं होतं. लोक हाताची घडी घालून बसले होते. एक तरुण मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करत होता, दुसरा त्याच्या कानात काही सांगून हसला.

मग शेवंता उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत तिनं विहीर सांगितली. फळ्या सांगितल्या. नामदेव कसा बसला, दिवाकर कसा पळत गेला, त्यानं चपला कुठे टाकल्या. तिसऱ्या माणसाच्या कमरेला तिनं कशी मिठी मारली आणि त्यामुळे दिवाकरच्या मागे तिला जाता आलं नाही.

"माह्या डोयासमोर व्हता तो," ती म्हणाली. "पायरीवर. झोपल्यावानी. हात पुरला असता असा जवळ." मग तिनं मंजिरीकडे बोट केलं. "हा जंतू हिनंच केला. माही नणंद हाय ही. म्हणून सांगते, ही आता खोटं बोलत नाई. आयका हिचं."

रेकॉर्ड करणाऱ्या पोरानं मोबाइल खाली घेतला. मंजिरी मान खाली घालून उभी होती. एखाद्या गावानं पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे तिला न पाहताही कळलं.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा, तुळशीराम डाखरे, काठीवर जोर देऊन उठला आणि टेबलाजवळ आला. टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरला होता. चुनखडीचा भाग त्यावर पांढरा दाखवला होता आणि जंतू पोचला होता तिथे लाल.

"मले वाचता येत नाई, बाई," तो मंजिरीला म्हणाला. "आमचं गाव दाखव."

तिनं दाखवलं. पांढऱ्याच्या मधोमध होतं.

"अन् हे लाल?"

"ते इथवर आलं आहे, आजोबा."

"बरं. जा म्हनतेस, तर जातो आमी. मले तुह्या वहिनीचं पटलं." त्यानं जमलेल्या गावाकडे एकदा वळून पाहिलं. कोणी विरोध केला नाही. "मंग आता दाखव, जाव कुठी? जिथं हा चुना नाई, असं जवळचं दाखव."

मंजिरीनं नकाशावर बोट फिरवलं. पांढरा भाग संपत होता तिथे, पूर्वेला, एक मोठा करडा पट्टा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे. इथे खाली चुना नाही."

म्हातारा वाकला. शेजारच्या तरुणाला त्यानं विचारलं, "कोनतं हाय रे हे?" तरुणानं नाव वाचून सांगितलं.

तुळशीराम सरळ झाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तिथं कोळशाची खान हाय, बाई. माह्या पोरीचं सासर होतं त्या गावात. मागच्या साली उठवलं त्यायले. ते आमच्याचकडे येऊन राहिले."

मागच्या रांगेत एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली, बहुतेक तीच. मंजिरीचं बोट नकाशावर तसंच होतं. तिनं ते उचलून उत्तरेकडे नेलं, मग नदीच्या पलीकडे नेलं, आणि सगळं समाजमंदिर त्या बोटाकडे पाहत थांबून राहिलं.